मागच्या रांगेतला गडी

जयसिंगरावांच्या ताटात मी आणखी एक धोंडा घातला, तसा त्यांनी डाव्या हातानं शबनम पिशवीतनं पेपर बाहेर काढला.

"मामी, मागं तुम्ही विचारत होता ना, मी पेपरात काय लिहितो ते. आजच छापून आलंय. वाचून दाखवू?"

मी विचारलं होतं खरं. पण पाहुण्याला प्रवास बरा झाला का विचारतात, तसलं ते विचारणं होतं. पोरीचं लग्न चैत्रात झालं आणि त्याच साली श्रावण अधिक आला. घरातला पहिला जावई, त्याचा पहिला धोंडा. तांब्याचं ताट चिंचेनं घासून ठेवलेलं, अनारशाची जाळी बघून शेजारणी जळून गेलेल्या. अशा दिवशी जावई म्हणाला असता की छपरावर चढून गाणं म्हणतो, तरी मी शिडी धरली असती.

"वाचा की," मी म्हटलं.

ओसरीवर दोनच पाट होते. एकावर जावई, दुसऱ्यावर हे. हे म्हणजे सुभेदार, पेन्शनीत निघून तेव्हा बरीच वर्षं झालेली. माझी धाकटी जाऊ अनुसा तूप वाढत होती. दाराच्या चौकटीला टेकून मंदा उभी होती, नवऱ्याचं कौतुक डोळ्यांत मावत नव्हतं. जयसिंगराव साताऱ्याच्या पेपरात होते आणि दर रविवारी सिनेमावर लिहायचे.

त्यांनी घसा साफ केला. "'हवालदाराची पंगत : पोट काही भरत नाही.'"

नाव ऐकलं आणि मी अनुसाकडं बघितलं. तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

हा पिक्चर आमच्या तालुक्याच्या टॉकीजला पंधरा ऑगस्टला लागणार होता. चारच दिवस राहिले होते. कधी सव्वीस जानेवारीला लागायचा, कधी पंधरा ऑगस्टला, कधी दोन-दोन वर्षं लागायचाच नाही. लागला की अनुसा आणि मी दुपारच्या खेळाला जायचो. घरात सांगायचो, दवाखान्यात चाललोय. सासूबाई होत्या तोवर भिऊन चोरून जायचो, कारण विधवा सून टॉकीजला गेलेली त्यांना खपली नसती. त्या गेल्यावर सवयीनं चोरून जायचो. ह्यांना ठाऊक होतं, बाकी कुणाला नाही. मंदालाही नाही. या खेपेला दोन वर्षांनी लागत होता आणि अनुसा पोस्टर चिकटल्यापासून दिवस मोजत होती.

जावई वाचत होते. वाचायचे मात्र चांगलं, शब्द सुटा सुटा. पिक्चर जुना झाला, तरी झेंडावंदन आलं की पेटीतून काढतात. पहिला अर्धा भाग म्हणजे तमाशातली बतावणी. सैनिक काय, तर भातासाठी भांडणारे, एकमेकांच्या ताटातलं मटण पळवणारे विदूषक. हवालदार काय, तर नुसता ओरडणारा रेडा. दुसऱ्या अर्ध्यात लढाई येते, मग दिग्दर्शक लोकांना रडवायला बसतो.

हे जेवत होते. खाली मान घालून जेवायची त्यांची सवय.

"'आता तो लंगरातला, फौजी जेवणघरातला, गाजलेला प्रसंग घ्या,'" जावई पुढं वाचू लागले. "'मित्र लढाईत मेला आहे. त्याच्या जागेवर त्याचं ताट मांडलं आहे. सारी पलटण मान खाली घालून बसली आहे. आणि मागच्या रांगेत, अगदी कोपऱ्यात, एक गडी सरळ कॅमेऱ्याकडे बघून दात काढतो आहे. ज्या दिग्दर्शकाला पडद्यावरचा एवढा मोठा जबडा दिसला नाही, त्याला जवानाचं दुःख काय दिसणार?'"

स्वतःचं वाक्य त्यांना आवडलं असावं. ते हसले. मंदाही हसली.

ह्यांचा घास हातात राहिला. अनुसा जावयाच्या ताटात तूप घालत होती, ती घालतच राहिली. तूप धोंड्यावरून ताटात आलं, ताटातनं पाटावर. जयसिंगराव "पुरे, काकी, पुरे" म्हणाले तेव्हा ती भानावर आली. वाटी तिथंच ठेवली, पदर पुढं ओढला आणि चुलीकडं निघून गेली.

"काय झालं काकीला?" मंदानं विचारलं.

"धूर लागला असंल डोळ्यांना," मी म्हटलं. मग जावयाकडं वळले. "जावईबापू, लंगरात कधी जेवलाय तुम्ही?"

"नाही. का?"

"नाही, लिवलंय झोकात. म्हटलं जेवून आला असाल."

"मामी, सिनेमा चांगला का वाईट हे सांगायला फौजेत जावं लागत नाही. भाकरी करपली हे सांगायला भाकरी करता यावी लागते का?"

"तुम्हाला करता येती?"

"नाही."

"म्हणून करपली तरी गप खाता. मंदा सांगत होती."

"आई," मंदा चौकटीतनं म्हणाली.

"अगं, जावई हाय," हे म्हणाले.

"जावई हाय म्हणून बापू लावून बोलती. नुसतं जयसिंग म्हणाले असते तर निराळं बोलले असते." मी अनारशांची परात पुढं ओढली. "घ्या. गोड खा आणि सांगा, ह्यात तुम्हाला आवडलं काय? सगळंच कसं वाईट असंल?"

जावई चांगल्या घरचे होते, ताटावरून उठले नाहीत. त्यांनी खरंच विचार केला. "आचाऱ्याचं काम करणारा नट चांगला आहे," ते म्हणाले. "पण तेवढ्यावर सिनेमा उभा राहत नाही. मामी, तुमच्या घरात चार पिढ्या फौजेत. तुम्हालाच राग यायला हवा. जवानांना जोकर केलंय त्यात."

"मला राग येत नाही, हसू येतं. ह्यांच्या पलटणीतली पोरं रजेवर यायची तेव्हा आमच्या ओसरीवर बसून ह्याच गोष्टी सांगायची. कुणी कुणाचं मटण पळवलं, कुणाच्या बुटात बेडूक घातला. गोळी कुठनं आली ते कुणी सांगितलं नाही. तुम्ही म्हणता ते छाती काढून भाषण करणारे जवान मी बघितले नाहीत. आमच्यात असले नसतात. मला लिहायला-वाचायला दुसरीपुरतं येतं, पण माणूस दिसतो."

"दिसतो, पण तो मागचा दात काढणारा? तोही बरोबर?" जयसिंगरावांनी विचारलं. "ती तर सरळ सरळ चूक आहे. शोकाचा प्रसंग आणि हा हसतोय. सांगा, आहे की नाही चूक?"

माझी जीभ कुठं अडत नाही. सरपंचापुढं नाही, मामलेदारापुढं नाही. तिथं अडली. त्या गड्याचं काय ते मला ठाऊक होतं. पण ते माझं नव्हतं, अनुसाचं होतं. तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि मी सांगायचं नाही असं आमचं न बोलता ठरलेलं होतं.

"हात धुऊन घ्या," मी म्हटलं. "वाण द्यायचंय."

वाण दिलं, दिवा ओवाळला, कपडे केले. जावई पाया पडले. मी डोक्यावर हात ठेवला. राग होता, पण तो हातात नव्हता.

पान खायला बसले आणि अंगणात काठी वाजली. सुभेदार मेजर यादव आले. आमच्याच गावचे, ह्यांच्यापेक्षा वयानं मोठे, आणि तालुक्याच्या माजी सैनिकांच्या संघटनेचे अध्यक्ष. मिशी अजून पलटणीतली होती, कान मात्र निम्मे गेलेले, म्हणून बोलायचे ते परेडवर बोलल्यासारखं. बगलेत तोच पेपर.

"कुठं हायत पाहुणं?" ते पायरीवरनंच म्हणाले. "शाब्बास. फौजेची लाज राखली. कुणी तरी लिवायलाच पायजे होतं."

जयसिंगराव खुलले. "आवडलं तुम्हाला?"

"आवडलं? अहो, सकाळी चावडीपुढं मोठ्यानं वाचलं. मग संघटनेचे आम्ही पाच-सहा जण तसंच गेलो टॉकीजवाल्या पोपटशेठकडं. म्हटलं, पंधरा ऑगस्टला असला पिक्चर लावलास तर खुर्च्या ऱ्हाणार न्हाईत. जवान मेलाय आणि मागं दात काढत्यात? पोपटशेठ घाबरला. म्हणाला, पिक्चरची पेटी परत पाठवतो, देवाधर्माचा पिक्चर मागवतो."

आतल्या घरात भांड्यांचा आवाज येत होता तो थांबला.

"परत पाठवतो म्हणजे?" मी विचारलं.

"म्हंजे बंद. कायमचा. पोपटशेठ म्हणाला, आता पुन्हा हा पिक्चर मागवत न्हाई. कशाला डोक्याला ताप?" सुभेदार मेजर जावयाकडं वळले. "उद्याच्या पेपरात छापा पाहुणं. संघटनेनं पिक्चर बंद पाडला. माझं नाव पुरं घाला, पदासकट."

जयसिंगरावांचं पान तोंडात तसंच राहिलं. "पण मी बंद करा असं कुठं लिहिलंय?" ते म्हणाले. "मी लिहिलं, वाईट आहे. वाईट आहे म्हणजे लोकांनी बघून शिव्या द्याव्यात. बंद करायचा म्हणजे काय?"

"वाईट हाय तर बघायचा कशाला?"

"बघितल्याशिवाय वाईट आहे हे कसं कळणार?"

"तुम्ही सांगितलं की."

जावई पान चावायला लागले. आपल्या लिहिण्याचा असा मान ठेवला जाईल असं त्यांना वाटलं नसावं.

मी पदर खोचला आणि ओसरीवर येऊन खांबापाशी उभी राहिले. गड्यांच्या बैठकीत मी बसत नाही, पण उभी राहते. "भाऊजी, तुम्ही पिक्चर बघितलाय ना?"

"चार-पाच डाव."

"तेव्हा राग आला?"

"तवा ध्यानात आलं न्हवतं. पाहुण्यांनी लिवलं तवा आलं. त्यो दात काढणारा मी बघितलाच न्हवता. आता दिसला तर पडद्यावर खुर्ची मारीन. वहिनी, माझ्या हाताखालची पोरं गेली लढाईत. त्या दिवशी लंगरात आम्ही कसं जेवलो ते आम्हाला ठावं. कुणी हसलं न्हाई."

त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. म्हाताऱ्याचं खोटं नव्हतं, हे मला कळत होतं. तीच तर पंचाईत होती. खोट्या माणसाला मी दोन वाक्यांत गप्प केलं असतं.

"कुणी हसलं नसंल," मी म्हटलं. "पण त्याआधी हसलाच की रोज. त्या पोरांबरोबरच हसला. पिक्चरात आधी तासभर हसवतात ते कशासाठी? मेलेल्या पोराचं ताट मांडल्यावर कुणाचं ताट हाय ते कळावं म्हणून. हसवलंच नसतं तर कोण मेलं, कुणाला काय?"

जावयानं चटकन माझ्याकडं बघितलं.

"ते समदं ऱ्हाऊ द्या," सुभेदार मेजर म्हणाले. "त्यो हसणारा बेशिस्त हाय. त्याला पलटणीत दोन तास पाठीवर वजनाचा पिट्टू घालून पळवला असता. आणि त्याला पडद्यावर दाखवायचा? पंधरा ऑगस्टला? न्हाई. तुम्हाला काय सांगायचं असंल तर सांगा, वहिनी. त्यो का हसतो तेवढं सांगा, मी मागं घेतो."

मी ह्यांच्याकडं बघितलं. हे अंगणातल्या तुळशीकडं बघत होते. दोन बोटांत सुपारी धरलेली, ती कातरत नव्हते. 

तेवढ्यात मागनं अनुसाचा आवाज आला.

"त्यो दात काढणारा माझा हाय."

ती उंबऱ्यात उभी होती. डोक्यावर पदर, हात ओले. लग्न होऊन आली त्याला पंधरा वर्षं झाली होती आणि ह्यांच्यासमोर ती कधी पूर्ण वाक्य बोलली नव्हती.

"काय म्हणाली?" सुभेदार मेजरांनी कानाला हात लावला.

"माझं मालक," अनुसा जरा मोठ्यानं म्हणाली. "दिनकर शेलार. त्ये हायत त्या पिक्चरात."

मंदा खालीच बसली. तिचा काका एकाहत्तरच्या लढाईत गेला तेव्हा ती सात-आठ वर्षांची होती. तिला तो भिंतीवरच्या फोटोतलाच आठवत होता. त्या फोटोत दिनकरनं ओठ घट्ट मिटलेत, फोटोवाल्यानं सांगितलं होतं तसे.

"त्या साली उन्हाळ्यात रजेवर आले होते," अनुसा सांगू लागली. ती कुणाकडं बघत नव्हती, पाटावर सांडलेल्या तुपाकडं बघत होती. "म्हणाले, पलटणीत पिक्चरवाले आले होते. आमच्यातल्या सगळ्या गड्यांना लंगरात ओळीनं बसवलं. पिक्चर गावाकडं आला की बघ मला. मी म्हटलं, बघीन. तर म्हणाले, तू वळखणार न्हाईस. सगळ्यांची डोकी सारखी भादरल्यात, कपडे सारखे, ताटं सारखी. मी म्हटलं, नवऱ्याला वळखणार न्हाई व्हय? तर हसाय लागले. म्हणाले, तुझं काय सांगावं, लग्नाला वरीस झालं न्हाई, त्यातनं मी घरात किती दिवस ऱ्हायलो? म्हणाले, म्हणून मी युक्ती केली. पिक्चरवाल्यांनी सांगितलं, कुणीतरी मेलाय, सगळ्यांनी माना खाली घाला. सगळ्यांनी घातल्या. मी तेवढी वर ठेवली आणि हसलो, सरळ त्या यंत्राकडं बघून. जो हसंल त्यो तुझा, म्हणाले."



"पिक्चर आला तवर त्ये ऱ्हायले न्हवते," अनुसा म्हणाली. "मी ह्या आक्कासंगं गेले. लगीच वळखलं."

मग ती जावयाकडं वळली. "तुम्ही लिवलंय ते बरोबर हाय, जावईबापू. चूकच हाय ती. पण पिक्चरवाल्याची न्हाई. आमच्या ह्यांची हाय."

जयसिंगराव उठून उभे राहिले. पेपर हातात होता, तो त्यांनी घडी करून घडीची आणखी घडी केली. "काकी, मला माहीत नव्हतं."

"कसं असंल? म्यां कुणाला सांगितलं न्हाई."

सुभेदार मेजरांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. "दिनकर?" ते ह्यांना म्हणाले. "आपला दिन्या त्या पिक्चरात हाय आणि तू मला सांगितलं न्हाईस?"

"मी एकदाच गेलो होतो," हे म्हणाले. "निम्म्यातनं बाहेर आलो. पुन्हा न्हाई गेलो."

"आणि मला कसा दिसला न्हाई? चार-पाच डाव बघितला की मी."

"तुम्ही हिरोकडं बघत असाल, भाऊजी," मी म्हटलं. "सगळे तिकडंच बघतात. दोनच माणसांनी कोपऱ्यात बघितलं. एक अनुसा आणि एक आमचे जावई."

हे मी जावयाला टोचायला म्हटलं का चुचकारायला, ते माझं मलाच कळलं नाही. त्यांनी मात्र मान खाली घातली.

सुभेदार मेजर काठी टेकत उठले. "पोपटशेठकडं जाऊन येतो. पेटी पाठवली नसंल अजून." पायरीवर थांबले. "पिक्चर तसा खराबच हाय, वहिनी. पण लागंल."

ते गेल्यावर जयसिंगरावांनी पिशवीतनं पेन काढलं. "काकी, पुढच्या रविवारी मी हे लिहितो. माझं चुकलं असं लिहितो. लोकांना कळू दे."

"नगं," अनुसा म्हणाली.

"का? यात वाईट काय आहे?"

"नवरा-बायकोचं बोलणं हाय ते. पेपरात कशाला?"

"मग मी जे छापलंय ते तसंच राहील."

"ऱ्हाऊ द्या की. मालक वाचणार हायत व्हय?" असं म्हणून ती फडकं आणायला आत गेली. येऊन पाट पुसायला बसली तेव्हा मंदानं तिच्या हातातनं फडकं घेतलं.

पंधरा ऑगस्टला आम्ही दुपारच्या खेळाला गेलो, पहिल्यांदाच दवाखान्याचं नाव न सांगता. मी, अनुसा, मंदा आणि जयसिंगराव. त्यांनी पेपरातनं रजा काढली होती. ह्यांनी गुडघ्याचं निमित्त सांगितलं. मी आग्रह केला नाही.

टॉकीज माजी सैनिकांनी भरलं होतं, छातीवर बिल्ले लावून आलेले. सुभेदार मेजर पुढच्या रांगेत. त्यांनी सगळ्यांना काय सांगितलं होतं ते मला ठाऊक नाही, पण आम्ही आत आलो तेव्हा दोघं-तिघं म्हातारे उठून उभे राहिले आणि अनुसा माझ्या मागं लपली.

पहिला अर्धा भाग सगळे हसले. जावई हसले नाहीत. हाताची घडी घालून बसले होते, परीक्षेला बसल्यासारखे. हवालदारानं आचाऱ्याच्या आमटीत बोट घालून चाखलं आणि शिवी हासडली तेव्हा मात्र त्यांचा खांदा हलला. मी बघितलं. त्यांनी बघितलं की मी बघितलं.

मग लढाई झाली. लंगर आला. ताट मांडलं. माना खाली गेल्या. टॉकीजमध्ये बिडीचा धूर तेवढा हलत होता. आणि मागच्या रांगेतनं दिनकर वर बघून हसला. पुढचे दोन दात जरा पुढं, उजव्या गालाला खळी, अगदी आमच्या ओसरीवर बसून हसायचा तसा. बाईमाणसानं कुंकू लावायला आरशात बघावं इतकाच वेळ. मग दुसरं चित्र आलं.

"दिसलं," पुढनं सुभेदार मेजरांचा आवाज आला, त्यांना वाटलं असावं आपण हळू बोलतोय. "दिसलं बेणं."

सगळं टॉकीज हसलं. तो पिक्चर मी इतक्यांदा बघितला, त्या ठिकाणी लोक हसलेले तेवढे एकदाच.

खेळ सुटल्यावर एसटीच्या स्टँडवर बाकड्यावर बसलो. गाडीला वेळ होता. मंदा शेंगा घेऊन आली. जावयांनी चार शेंगा फोडून दाणे तळहातावर ठेवले. मग म्हणाले, "मामी, खोटं बोलवत नाही. सिनेमा मला अजून वाईटच वाटतो."

"तुमची अक्कल तुमच्यापाशी," मी शेंग फोडत म्हटलं. "मला चांगला वाटतो. दिनकर नसता तरी मी बघितला असता. तो हवालदार थेट माझ्या बापासारखा हाय."

"त्याचं ओरडणं किती खोटं आहे पण."

"माझा बाप असाच खोटा ओरडायचा. खरा ओरडला असता तर आम्ही घाबरलो असतो."

जयसिंगराव हसले. मग अनुसाकडं वळले. "काकी, तुम्ही सांगा. तुम्हाला कसा वाटतो पिक्चर? सगळा मिळून?"

अनुसा शेंगा सोलत होती. "मला काय ठावं? म्यां कुठं सगळा बघितलाय."

"म्हणजे?" मी विचारलं. "माझ्या मांडीला मांडी लावून बसतीस की दर खेपेला."

"बसती. पण त्ये येऊन गेलं की मी डोळे मिटती. पुढचं बघितलं की त्ये पुसल्यागत व्हतं. मग घरी येस्तोवर असंच ठेवायचं, मनात." ती सहज सांगत होती, भाजीला मीठ किती घालते ते सांगितल्यासारखं. "पंगतीचं पुढं काय व्हतं, आक्का?"

तेरा वर्षं मी तिच्या शेजारी बसत होते. मी पडद्याकडं बघायचे. शेजारी कधी बघितलंच नव्हतं.

"जावईबापू, सांगा," मी म्हटलं. "तुम्ही पेपरात लिहिता."

त्यांनी घसा साफ केला, त्या दिवशी ओसरीवर केला होता तसाच. पण या खेपेला हातात काही नव्हतं. "लढाई संपते," ते म्हणाले. "पलटण परत येते. आचारी चूल पेटवतो..."

"पेटत नाही आधी," मी म्हटलं. "लाकडं ओली असतात. ते सांगा."

"लाकडं ओली असतात. आचारी फुंकून फुंकून रडकुंडीला येतो. मग हवालदार येतो. सगळ्यांना वाटतं आता हा ओरडणार. तर तो गप खाली बसतो आणि स्वतः फुंकायला लागतो."

"काळाकुट्ट होतो तोंडानं," मी म्हटलं.

"होतो. मग पंगत बसते. हवालदारही बसतो, पहिल्यांदाच, पोरांच्या ओळीत. आचारी वाढतो. हवालदार आमटी ओरपतो, आणि बोलत काहीच नाही. एक घास, दोन घास. आचाऱ्याचा जीव खालीवर. शेवटी तो हात जोडतो. म्हणतो, साहेब, आमटी कशी झालीय ते काहीतरी बोला. दोन शिव्या तरी द्या."

अनुसाच्या हातातली शेंग तशीच राहिली होती. "मग देतो?"

"देतो," मी म्हटलं.

"नाही, मामी. तो वर बघतो, तोंड उघडतो आणि सिनेमा संपतो. शिवी नाहीच त्यात. मी लिहून घेतलंय."

"देतो. चांगली सणसणीत देतो आणि पंगत हसती. माझ्या कानांनी ऐकलंय."

"मामी, तो आवाज टॉकीजमधल्या लोकांचा असेल."

"आता मला ऐकायला येत नाही म्हणा."

मंदा म्हणाली की तिला दोन्ही आठवत नाही, तिच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यावर जावई तिला म्हणाले की वाईट सिनेमानं रडू येत नाही असं त्यांनी कुठं म्हटलंय. मी म्हटलं, मग ते लिहायचं होतं. असं आमचं चाललं होतं तेवढ्यात गाडी लागली.

"बास करा दोघं," अनुसा उठत म्हणाली. लुगड्यावरची टरफलं तिनं झटकली. "जानेवारीत पुन्हा लागंल तवा मी डोळे उघडे ठेवून बघती, आणि सांगती कोण खरं ते."